बिरोबाचं वजन

आदर्श दीड वर्षाचा होता आणि कागदावर त्याची तब्येत माझ्यापेक्षा बरी चालली होती.

मलकापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात अकरा घरांचा धनगरवाडा आहे. तिथल्या अंगणवाडीची बाई मी. दर महिन्याला काटा आढ्याला टांगायचा, झोळीत एकेक पोर लटकवायचं, आकडा लिहायचा. थोडा कमी भरला तर पोर पिवळ्या रंगात, फारच कमी भरला तर लाल. लाल पोराला आईसकट तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवतात आणि दर दोन तासांनी भरवतात.

आदर्शची आजी बयाबाई त्याला जाड स्वेटरात गुंडाळून आणायची. वजन कपडे काढून घ्यायचं असा नियम आहे, तो मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, वाचून झालं असंल तर टांग आता, उघड्या पोराला दृष्ट लागती. मागं रांग होती. मी टांगलं. आठ किलो, म्हणजे पिवळा. पुढल्या महिन्यात सात नऊशे, तरी पिवळाच. एकही लाल पोर नाही म्हणून बैठकीत साहेबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

तिसऱ्या महिन्यात झोळीतून काहीतरी ठणकन खाली पडलं. देव्हाऱ्यातला पितळेचा बिरोबा. आदर्शच्या पोटाला फडक्यानं बांधलेला होता. दोन महिने मी देवाचं पोषण नोंदवत होते.

बयाबाईनं देव उचलून पदरानं पुसला. वाड्यावरच्या गुंडूची पोरगी त्या दवाखान्यात गेली ती परत आली न्हाय, एवढंच बोलली. ती पोरगी किती उशिरा नेली होती, तो विषय मी काढला नाही. स्वेटर काढला. सहा किलो नऊशे.

त्याच दुपारी जीपनं आदर्शला आणि त्याच्या आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या वजनाचा कागद बघितला, पोराकडं बघितलं, परत कागद बघितला. हा दुसऱ्या कुणाचा आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

पाचव्या दिवशी आदर्श गेला.

दिवस घातल्यावर बयाबाई अंगणवाडीत आली. पोरं घरी गेली होती. दारातच बसली.

"शेवटचं किती भरलं गं?"

"सहा नऊशे."

"देवाबिगार?"

"देवाबिगार."

तिनं आढ्याच्या काट्याकडं बघितलं.

"मी कितीबी म्हणूंदे," ती म्हणाली, "तू स्वेटर काढायचा हुतास की गं. मी अडाणी हाय. तू न्हाईस."