शिवणताईचं दुकान

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी तिनं आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं, की शहरात ओढाताण करण्यापेक्षा लहानशा गावात शिवणाचं दुकान टाकावं. सासू-सुनेचं इतकं जमतं कसं, हे शेजारणींना कोडंच होतं. सासूबाई म्हणायच्या, "भांडण लावून द्यायला तिसरं कोणी उरलं नाही, म्हणून जमतं."

गाव नदीच्या वळणावर होतं. मोठा असा रस्ता एकच. त्याच्या खालच्या अंगाला नदीकाठची आळी, वरच्या अंगाला धान्याचं जुनं दगडी कोठार. रस्त्याच्या मध्यावर शिवणाचं एक दुकान कैक वर्षं बंद पडलेलं होतं. मालक गिरणीवाले आजोबा, ऐंशीला टेकलेले, भुवयांवर कायम पिठाची भुरी. त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि जरा जास्तच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"भाड्याचं मागाहून बघू," ते म्हणाले. "दार उघडं राहिलं म्हणजे झालं."

दुकानाला नवा रंग दिलेला होता. तरी भिंतीवरून हात फिरवला की छातीच्या उंचीवर बोटांना एक आडवी रेघ लागायची. तिच्यावरची भिंत गुळगुळीत, खालची खरखरीत. ओल आली असेल, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही आणि मशीन त्याच भिंतीला लावलं.

पहिल्या आल्या बेकरीवाल्या काकू. "मागच्या खेपेला बाही जरा तंग केलीस हं."

"मागच्या खेपेला? काकू, आम्ही परवाच आलोय."

काकू खुदकन हसल्या. "तुझी थट्टेची खोड काही जायची नाही!"

तिला वाटलं, माणसाची चूक होते. पण पोस्टमननं सायकलवरूनच "काय शिवणताई, उघडलं वाटतं दुकान!" अशी हाक दिली. मग केस पिकलेल्या एक मास्तरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नातला तो निळा ब्लाउज तुझ्याच हातचा. अजून उसवला नाही."

सासूबाई कोपऱ्यात काजं करत बसल्या होत्या. त्यांच्यानं राहवेना. "अहो बाई, तुमच्या लग्नात माझी सून जन्माला तरी आली होती का?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं पंगतीत मध्येच बडबडणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं. मग त्या हिच्याकडे वळून कापडाच्या घडीबद्दल बोलू लागल्या.

"ओळख ना पाळख, आणि गाव आपलं गळ्यात पडतंय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मनात पाल चुकचुकतेय बघ."

पण काम उदंड यायला लागलं आणि गावाची माया खोटी म्हणावी तर तसंही नव्हतं. कोणी भाजी आणून द्यायचं, कोणी पाण्याचा नळ दुरुस्त करून जायचं. कुणाच्या घरी वास्तुशांत असली की तिला पुढची खुर्ची. नवरा गेल्यापासून तिला असं कोणी पुढे बसवलं नव्हतं. "शिवणताई" म्हटलं की ती ओ द्यायला लागली. कोण रोज रोज वाद घालणार?

मग एक दिवस तिनं सुताराचा सदरा बेतायला घेतला. कापड पसरलं, कात्री चालवली, तुकडे जोडले, आणि शेवटचा टाका घालताना तिच्या ध्यानात आलं, की टेप खुंटीवरच आहे. सुताराचं माप तिनं घेतलंच नव्हतं. त्याचा उजवा खांदा पडलेला होता. तिनं तो त्याच बाजूला दोन बोटं उतरता कापला होता. सदरा अंगावर असा बसला, की सुतार आरशासमोर उभा राहून डोळे पुसायला लागला. तिच्या मात्र अंगावर काटा आला.

त्यानंतर हे वाढतच गेलं. खालच्या आळीत ती कधी गेली नव्हती, तरी तिथली कुठली पायरी हलते ते तिला ठाऊक होतं. भरदुपारी मशीन चालवताना नाकात गढूळ पाण्याचा वास यायचा आणि तळहात ठणकायचे. तिनं एकेकाला विचारून पाहिलं, "खरी शिवणताई कुठं गेली?"

"कुठं जाणार? बहिणीकडे गेली होतीस ना. आलीस." बेकरीवाल्या काकूंनी हेच सांगितलं. पोस्टमननं हेच. सुतारानंही हेच. शाळेत पाढे म्हणावेत तसे तेच शब्द, तोच सूर.

सासूबाई म्हणाल्या, "हे घोडं कुठं पेंड खातंय ते गिरणीवाल्यालाच विचार. किल्ली त्याच्याकडे होती."

दोघी गिरणीवर गेल्या. आजोबांनी पट्टा उतरवला. गिरणी थांबली, तशी आत एकदम भलतीच शांतता झाली.

"तू ती नाहीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "पण गाव इतकं आनंदात होतं, की माझं तोंड उघडेना."

मग त्यांनी सांगितलं. महापुराच्या वर्षी पाणी पहाटे आळीत शिरलं. शिवणताई आधी जागी झाली. तिनं एकेक दार बडवून सगळ्यांना उठवलं, कोठाराकडे पिटाळलं. कोठाराला तेव्हा जिना नव्हता. माळ्यावर शिडीनं चढायचं. सगळे चढले, माळ्याच्या तुळया करकरू लागल्या, अजून वजन आलं तर कोसळेल असं कोणीतरी ओरडलं. "ती शेवटची होती. तिचे हात शिडीच्या पहिल्या पायरीवर होते. आम्ही शिडी वर ओढली."

"ती काही म्हणाली?" सुनेनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"म्हणाली, अरे मी आहे, मी." आजोबांनी तोंडावरून हात फिरवला, पीठ ओलं झालं. "पाणी ओसरल्यावर कोणीतरी म्हणालं, ती बहिणीकडे गेली असेल. तेवढंच आम्ही धरून बसलो. तिला बहीण नव्हती."

गावाची बैठक अजूनही त्याच माळ्यावर भरायची, आता सिमेंटच्या जिन्यानं चढून. पुढच्या बैठकीला सासू-सून दोघी गेल्या. नळाचं, दिव्यांचं बोलून झालं आणि सून उठून उभी राहिली.

"शिडी कोणी ओढली?"

"कसली शिडी?" पोस्टमन हसत म्हणाला. "आपण तर जिन्यानं येतो."

"मी ओढली," गिरणीवाले आजोबा मागून म्हणाले.

मग सुतारानं आपला पडलेला खांदा दाबून धरला. "मीही हात लावला होता. तेव्हाच हा खांदा निखळला." मास्तरीणबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हळूहळू म्हातारी माणसं आपापले हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. बेकरीवाल्या काकू तेवढ्या उठल्या, तिच्याजवळ आल्या आणि तिचा हात धरून लाडिकपणे म्हणाल्या, "पण तू आलीस ना परत. एकदा म्हण आम्हाला, आलेय म्हणून. म्हणजे मिटलं सगळं."

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. इतकी आशा तिनं कधी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. 'आलेय' हा शब्द तिच्या जिभेवर आला, आणि तो तिचा नव्हता.

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "बोल पोरी. तुझं तू बोल."

"ती आली नाही," सून म्हणाली. "मी दुसरी आहे. ती खालीच राहिली."

काकूंनी हात सोडला, अगदी हळुवार, जसं नको असलेलं कापड गठ्ठ्यावर परत ठेवावं.

दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी आलं नाही. ती रस्त्यावर गेली तर माणसं तिच्या अंगावरून नजर सरकवून पलीकडच्या भिंतीकडे बघायची. बेकरीत ती पाव मागत उभी राहिली आणि काकू मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिल्या. राग नाही, तुसडेपणा नाही. ती तिथं नव्हतीच. आठवडाभर तिनं सोसलं. मग सासूबाईंनी टेम्पो बोलावला.

मशीन चढवायला एकटे आजोबा आले.

"तुम्ही आता काय करणार?" तिनं विचारलं.

"सांगत राहणार. रोज एकाला. ऐकलं नाही, तर गिरणी चालू असताना सांगेन. आवाजात कोणाला कळतंय? पण तोंड तरी बंद राहणार नाही."

टेम्पो निघाला. गाव मागे पडलं. मग सासूबाईंनी तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. लग्नानंतर ते नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. "काय आई?" ती म्हणाली. थोड्या वेळानं सासूबाईंनी पुन्हा हाक मारली, काही काम नसताना. मग पुन्हा. सगळी वाट त्या तशाच हाका मारत राहिल्या आणि ती दर वेळी ओ देत राहिली.

एकदा मात्र, नदीच्या पुलावरून जाताना, तिला ओ द्यायला वेळ लागला.