टकल्या ब्रशची शेवाळाशी मारामारी

मी एक जुना, टकला ब्रश आहे, मित्रांनो, आणि मी जेवढे मुडदे पाडलेत ना, तेवढे कुठल्या तलवारीनंही पाडले नसतील! दात घासायचा ब्रश नाही हं, पोहण्याचा तलाव घासायचा. हातभर रुंद, निळ्या केसांचा, मागे दोन माणसांच्या उंचीएवढा लांब दांडा. कारखान्यात मशीननं माझ्या डोक्यात भोकं पाडली आणि केसांचे झुबके ठोकून ठोकून बसवले. जन्मच मार खाऊन झाला, मग मी कुणाला सोडतो काय!

मला बाबांनी आणलं. घरामागे त्यांनी लहानसा तलाव बांधून घेतला होता, तोही मौजेसाठी नाही, आजोबांसाठी, म्हणजे बाबांच्या अण्णांसाठी. आजोबांची उजवी बाजू झटक्यानं लुळी पडलेली. जमिनीवर चाकाची खुर्ची. पण छातीभर पाण्यात ते उभे राहायचे, चक्क चार पावलं टाकायचे! वाचाही गेली होती, एकच शब्द उरला होता : "हाण!" भूक लागली, हाण. आनंद झाला, हाण. त्यांना उतरता यावं म्हणून बाबांनी फायबरच्या रुंद पायऱ्या कठड्याला टेकवून पाण्यात सोडल्या होत्या. त्या पायऱ्यांना कुणी बोट लावायचं नाही, असा हुकूम.

आणि मग शेवाळ आलं.

आधी भिंतीवर हिरवी सावली. हात लावावा तर बुळबुळीत. बघता बघता सगळं पाणी हिरवंगार! बाबांचं डोकंच फिरलं. बाह्या सरसावून त्यांनी मला भिंतीला भिडवलं. खर्र, खर्र, खर्र! मी त्याची साल सोलली, नरडी फोडली, लचके तोडले, पाण्यात हिरवे ढग उसळले. वर बाबांनी क्लोरीन ओतलं. सकाळी तळाशी नुसता पांढुरक्या प्रेतांचा थर! काठावरून आजोबा ओरडले, "हाण!" मला वाटलं, आपण जगज्जेते.

आठवड्यात शेवाळ परत.

पुन्हा मारामारी, पुन्हा क्लोरीन, पुन्हा शेवाळ. माझे केस झडले, उरलेले वाकडे झाले. एकदा आत्या आली आणि काठावरून वाकून म्हणाली, "दादा, पोहायला बोलावलंस की म्हशी धुवायला?"

"तू गप गं!"

"हिरवं दरवेळी पायऱ्यांपासूनच सुरू होतं," आई म्हणाली. "एकदा काढून बघू या का?"

"काढायच्या? आणि नंतर डगमगल्या, अण्णा पडले म्हणजे?" बाबा खेकसले आणि त्यांनी मला जमिनीवर आदळलं. "हा ब्रशच भिकारडा!"

सांगा आता! लढून लढून टक्कल पडलं, त्याचं हे बक्षीस.

आणि आजोबा पडलेच. पायऱ्या डगमगल्या नव्हत्या हो. वरच्या पायरीवर नखाएवढं हिरवं होतं. बाबांनी काखेत हात घालून धरलं होतं तरी पाय सटकला आणि कपाळ कठड्यावर फाट्‌दिशी आपटलं! पाण्यात लाल धार. डॉक्टरांनी टाके घातले, पण त्यानंतर आजोबा तलावाकडे पाठ करूनच बसायला लागले. पाण्याचं नाव काढलं की मान हलवायचे. "हाण"सुद्धा बंद.

"बुजवून टाकतो!" बाबा गरजले. "मातीचा ट्रक मागवतो, विषयच संपला!" ट्रक येईपर्यंत तरी दम धरावा ना? छे! घण घेऊन पाण्यात उतरले आणि घातला पहिला घाव थेट त्या पायऱ्यांवर. धाड! धाड! तिसऱ्या घावाला पायरी फुटली, आणि आतून भस्सकन हिरवा लगदा बाहेर आला, बाबांच्या तोंडावर!

पायऱ्यांचं पोट पोकळ होतं, मित्रांनो. पांढऱ्या फायबरमधून उजेड झिरपत होता, पण पंपाचा प्रवाह पोचत नव्हता, क्लोरीन पोचत नव्हतं, मी पोचत नव्हतो. आत शेवाळाचे जाड पडदे लोंबत होते. मी बाहेर शिपाई मारत होतो आणि आत राजा मजेत!

बाबांच्या हातातला घण गळून पडला. "म्हणजे मीच पोसत होतो याला. अण्णांच्या पायाखाली."

"रडायचं नंतर बघू," आई साडी खोचून पाण्यात उतरली. "आधी हाणा!"

मग जी कत्तल झाली! फुटके तुकडे ओढून काढले. मला आखूड काठीला बांधलं आणि सांदीसांदीत खुपसलं. उन्हात क्लोरीन उडून जातं, म्हणून ते सूर्य कलल्यावर ओतलं आणि पंप जराही बंद केला नाही. पाणी असं लख्ख झालं की तळाची फरशी न् फरशी दिसावी. नव्या पायऱ्या आणल्या त्या दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या, आणि दर रविवारी बाहेर काढायच्या हे आईनं ठरवून टाकलं.

पण आजोबा? खुर्ची काठाशी आणली तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाबांनी जबरदस्ती केली नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी नव्या पायऱ्या पाण्यातून ओढून आजोबांसमोर पालथ्या पाडल्या, पोट उघडं करून दाखवलं आणि मला त्यांच्या डाव्या हातात दिलं. "तुम्हीच बघा, अण्णा."

आजोबांनी बराच वेळ पाहिलं. कोपऱ्यात एक हिरवट ठिपका होता. मग खर्र! हळूच. मग जोरात. खर्र, खर्र! ठिपका ठार! कपाळावरची खूण लाल झाली आणि ते गरजले, "हाण!" आणि माझ्या टोकानं त्यांनी पाणी दाखवलं.

तर मित्रांनो, मला टाकून खुशाल नवा ब्रश आणा, पण जिथे हात लावायला जीव घाबरतो, ती जागा आधी उलटी करून बघा. बाहेरून कितीही हाणामारी करा, आतला राजा हसतच राहतो. आणि हो, काम झालं की आम्हाला धुऊन उन्हात ठेवत जा.

मला मात्र अजून टाकलेलं नाही. दर रविवारी आजोबा पायऱ्यांचं पोट तपासतात, मग लुळी बाजू बाबांच्या खांद्याला रेलून आणि डावा हात माझ्या पुन्हा बसवलेल्या लांब दांड्यावर टेकून पाण्यात उभे राहतात. परवा त्यांनी बाबांचा खांदा सोडला.