या झाडूला कितवा महिना?

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. "बघा, बघा माय!" पायरीवर उभ्या राहिलेल्या बाबांनी गवंड्याच्या बायकोचा हात उंच धरला. "दिलं तेव्हा आरशासारखं लख्ख होतं. आता बघा!"

तिच्या मनगटातलं चांदीचं कडं काळंकुट्ट पडलं होतं. तिला सहावा महिना होता. गर्दीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"बाळावर येणारी नजर कड्यानं प्यायली," बाबा डोळे मिटून म्हणाले. "कडं काळं, बाळ मोकळं! पण ही गल्ली सोडायची नाही हं, माय. बाहेर गेलात की कडं पांढरंच राहणार. मग नजर कोण पिणार? मी?"

लोक हसले. दर बैठकीत असं काळं कडं दाखवून झालं की बाबा ते घेऊन पडद्याआड जात आणि मंत्र पुटपुटत ते पुन्हा चकचकीत करून आणत. त्या मंत्राला दंतमंजनाचा वास यायचा. उजळणावळीचे पैसे अर्थातच वेगळे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असा एखादा बाबा दिसला की माझी जीभ शिवशिवते. पण त्या दिवशी रांगेत माझी धाकटी बहीण होती, सात महिन्यांचं पोट सांभाळत उभी. तिला पाहून माझी मान खाली गेली.

लाज तिची नव्हती, माझी होती. ही गल्ली वस्तीच्या टोकाला आहे आणि तिच्या पलीकडे तारेच्या कुंपणात जमिनीतल्या गॅससाठी विहिरी खणतात. दाजी तिथेच फिटर आहेत. दिवस गेल्यापासून बहीण मला सांगत होती, "दादा, सडक्या अंड्यांसारखा वास येतो रे. डोकं उठतं. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का?" आणि मी, अंधश्रद्धेचा कर्दनकाळ, तिला म्हणालो होतो, "या दिवसांत नसते वास येतातच. मनाचे खेळ आहेत." मी ऐकलं नाही, म्हणून ती ऐकणाऱ्याकडे गेली. बाबांनी निदान तिला मध्येच तोडलं नव्हतं.

"चल, आत्ता चल माझ्याकडे," मी म्हणालो.

"नको." तिनं कडं दुसऱ्या हातानं झाकलं. "गल्ली सोडली तर बाळ हातचं जाईल म्हणालेत."

आता बाबांचं पितळ उघडं पाडल्याशिवाय ती हलणार नव्हती. बायकोसाठी म्हणून थाप मारून मी बाबांकडून दोन कडी घेतली. एक माझ्या मनगटात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या घरी गेलो. दुसरं एका झाडूच्या दांड्यात अडकवलं आणि तो झाडू गल्लीतल्या बंद पडक्या घराच्या खिडकीत टांगला.

पुढच्या बैठकीला झाडू घेऊनच हजर झालो.

"बाबा, जरा बघता का? कडं अगदी काळं ठिक्कर पडलंय. या झाडूला कितवा महिना असेल?"

गल्ली खो खो हसली. बाबा गडबडले. "त्या... त्या घरातली नजर असेल!"

"त्या घरात उंदीरसुद्धा राहत नाहीत. आणि हे माझ्या हातातलं बघा, जसंच्या तसं. माझ्यावर नजर नाही म्हणता? अर्धी शाळा माझ्या नावानं बोटं मोडते!"

मग मी सगळं फोडून सांगितलं. सडक्या अंड्यांचा वास ज्या वायूचा असतो त्यात गंधक असतं, आणि ते लागलं की चांदी काळी पडते. वायू विहिरींकडून येतो, म्हणून कुंपणालगतच्या घरांतली कडी सगळ्यात काळी. मी चिमूटभर दंतमंजन घेऊन झाडूचं कडं घासलं. लख्ख! टाळ्या पडल्या. बाबा गाठोडं आवळायला लागले आणि माझी छाती वीतभर फुगली.

"दादा," बहीण म्हणाली, "म्हणजे वास खरा होता."

टाळ्या थांबल्या.

"झाडूला जे लागलं ते मी श्वासातून घेतेय. आम्ही दोघंही घेतोय."



त्याच दुपारी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट मापलं, पुन्हा मापलं. "काळी चांदी फक्त गंधकाचं सांगते," त्या म्हणाल्या. "अशा विहिरींतून आणखीही घातक वायू बाहेर पडू शकतात. अशा ठिकाणांजवळ राहणाऱ्या बायकांची बाळं वेळेआधी किंवा कमी वजनाची होण्याचं प्रमाण जास्त आहे, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. प्रत्येकीचं तसं होतं असं नाही. तुमच्या बाळाची वाढ मात्र मागे आहे. ती कशामुळे, ते मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण तिथून हला. वास कधीपासून येतोय?"

"पहिल्यापासून."

"मग आधी का नाही हललात?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही जमलं," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती आता माझ्या घरी आहे. परवा विहिरींवरचे साहेब शाळेत पुष्पगुच्छ घेऊन आले. "सर, छान काम केलंत! बायकांच्या मनातली खुळचट भीती गेली."

"भीती खुळचट नव्हती, साहेब," मी गुच्छ परत दिला. "हवा मोजा आणि आकडे गल्लीत लावा."

"बघू या," ते म्हणाले. अजून बघतच आहेत. गवंड्याची बायको तिथेच राहते. माझ्या घरात जादा खोली एकच आहे. गल्लीतल्या बायका आणि मी मिळून आता रोज साहेबांच्या दारात जाऊन बसतो.

म्हणून सांगतो, बाबाला प्रश्न जरूर विचारा. पण बाबा पळाला की प्रश्न संपला, असं समजू नका. घरातली गर्भार बाई म्हणाली की वास येतोय, डोकं दुखतंय, तर त्यावर विश्वासच ठेवा असं नाही म्हणत मी. तपासा. खिडकीशी जा, स्वतः श्वास घ्या, डॉक्टरला विचारा. न तपासता बाबा 'नजर' म्हणाला आणि न तपासताच मी 'मनाचे खेळ' म्हणालो. आमच्या दोघांत फरक तो काय? बहिणीला नववा लागलाय आणि बाळाचं वजन अजून भरलेलं नाही.