पत्रा आणि बांबूचा माळा

मित्रांनो, माझ्या तांबडलेल्या अंगाकडे बघून नाकं मुरडू नका. मी एक जुना पत्रा आहे. मुलचेऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात, श्रावणभाऊच्या घरावर माझं सारं आयुष्य गेलं. एके काळी मी असा चकाकायचो, की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा!

माझ्या आधी या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती. कवेलू थंड खरे, पण माकडांपुढे बिचारे काय करणार? टोळी उड्या मारत गेली की निम्मे फुटायचे. दर उन्हाळ्यात ते फेरता फेरता श्रावणभाऊची कंबर मोडायची. लाकूड उधई, म्हणजे वाळवी खायची ते वेगळंच. म्हणून अहेरीच्या बाजारातून मी बैलबंडीत बसून आलो. काय तो थाट! पहिलीच टोळी माझ्यावर उतरली आणि माझा खडखडाट ऐकून घाबरून पळाली. श्रावणभाऊची बायको बायनाबाई पोट धरून हसली. मोहफुलं ती माझ्यावरच वाळत घालायची. तो गोड वास आठवला की अजून जीव हळवा होतो.

पण कौतुकाने माणूस फुगतो, तसा पत्राही. श्रावणभाऊ म्हणाला, "आता लोखंड आलं. माळा कायले पाह्यजे?" कवेलूंच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचा, मातीने लिंपलेला माळा होता. वरचा कचरा झेलायलाच तो असतो, असं त्याला वाटलं. त्याने माळा काढला आणि बांबू चुलीत घातले. मलाही वाटलं, बरं झालं, आता मी एकटाच राजा!

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची लेक दिव्यानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नंदिनी जन्मली. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन काय सांगू! दुपारी मी तव्यासारखा तापायचो आणि खाली ते एवढंसं लेकरू घामोळ्यांनी लाल होऊन टाहो फोडायचं. मला फार वाईट वाटायचं, पण तापणं काही माझ्या हातात नव्हतं. बायनाबाईने माझ्यावर धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा पसरला. जरा बरं वाटलं, तोच अवकाळी पाऊस आला. ओलं तणस काढायचं राहून गेलं आणि मला गंज चढला. ही भोकं तेव्हाचीच.

शेवटी जावई आदेश आला. "मामी, लेकरू भाजून राह्यलं इथी. मी दोघीले घेऊन जातो."

"सव्वा मयना तं होऊ द्या जी," बायनाबाई म्हणाली. "पयलं बाळंतपण हाय. माहेरातून अर्ध्यात पाठवू काऊन?"

"बाजाराच्या दिवशी गाडी आणतो," म्हणून तो गेला.

बायनाबाई नवऱ्याकडे वळली. "माळा कोनं काढला जी?"

श्रावणभाऊने उठून तट्ट्या विणणाऱ्या शेजारच्या लालसूभाऊला बोलावून आणलं. दोघांनी बांबू चिरले, तट्ट्या विणून माझ्याखाली बसवल्या. बायनाबाईने माती आणि धानाचा कोंडा कालवून वरून लिंपलं. मध्ये वारा खेळायला जागा ठेवली. मी तापतच होतो, पण माझी झळ त्या मातीने वरच्यावर अडवली. माझा तोरा त्या दिवशी उतरला.

बाजाराच्या दिवशी आदेश आला. आत शिरला, वर पाहिलं आणि जरा टेकला. बायनाबाई चहा घेऊन येते तर काय, जावई घोरत होता! शेजारी नंदिनीही गाढ झोपलेली. दिव्यानी तोंडाला पदर लावून हसत होती. संध्याकाळी गाडीत बसून जावई एकटाच परत गेला.

आता नंदिनी शाळेत जाते आणि समोर श्रावणभाऊचं स्लॅबचं घर झालं आहे. त्याच्याही पोटात लोखंडाच्या सळ्याच, पण मला कोण विचारतो? यंदा श्रावणभाऊ मला भंगारात द्यायला निघाला. तेवढ्यात सुट्टीला आलेल्या नंदिनीने स्लॅबखालून चटई उचलली आणि थेट माझ्या माळ्याखाली टाकली. "आजी, मी इथीच झोपतो. तिथी पंखा गरम वारा मारते."

बायनाबाई नवऱ्याला म्हणाली, "पत्र्याले हात नोका लावू जी. भोकं बुजवा."

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा लोखंड जरूर आणा. उधई आम्हाला खात नाही, माकडं आम्हाला फोडत नाहीत. पण आम्हाला एकटं ठेवू नका. खाली थोडा बांबू, थोडी माती असू द्या, आणि ओल दिसली की वेळीच पुसा. आम्ही जन्मभर साथ देऊ.

आता माझी भोकं बुजणार, रंगही लागणार. खाली नंदिनीचा डोळा लागलाय. आता मी गप्प बसतो, नाहीतर ती जागी होईल.