सापाची आई

आमच्या आणि वन्संच्या कुंपणावर कियाय जातीचं एक म्हातारं झाड आहे. खोड आतून पोकळ, त्यात कुजक्या लाकडाचा मऊ भुगा. वर मात्र दर डिसेंबरात, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, पांढरा फुलोरा. माझ्या नवऱ्याच्या, बेलार्मीनोच्या, मधमाश्या त्या एका झाडावर जगतात. उतारावरची बाकीची कियायं कोळशाच्या भट्ट्यांत कधीच गेली.

त्या उन्हाळ्यात वन्संना, म्हणजे बेलार्मीनोच्या थोरल्या बहिणीला, सुनिल्दाला, बुंध्याशी सापाची आई सापडली. आमच्याकडे एका भुंगेऱ्याच्या मादीला हेच नाव: बोटाएवढी, गडद तपकिरी, उडता न येणारी, जबडा कात्रीसारखा. ती साप जन्माला घालते म्हणतात, म्हणून दिसली की चेचतात. त्यात वन्संची सून बाळंतीण. साप दुधाच्या वासानं येतो, बाळाच्या तोंडात शेपूट देतो आणि आपण आईचं दूध पितो, हे वन्सं घरोघरी ऐकत आलेल्या. गावच्या सुईणच त्या. झाडच जाळायला रॉकेलचा डबा घेऊन आल्या.

बेलार्मीनो म्हणाला, आत्ता जाळलंस तर अख्खा डोंगर पेटेल, पाऊस येऊ दे. शिवाय केस धुवायला याची फेसाळ साल कुठून आणशील? वन्सं म्हणाल्या, टकली होईन.

"आणि पावसाआधी ही व्यायली तर?"

"तुझ्याच हाताखाली व्यायला लाव, ताई. साप निघाला तर झाडावर कुऱ्हाड मी घालतो."

वन्संनी ते मनावर घेतलं. मडक्यात झाडातला भुगा भरला, मादीला आत ठेवलं, वर फडकं बांधलं. संध्याकाळी काळे, केसाळ नर उडत आले आणि फडक्याला लटकले. नवरे आले, मी म्हणाले. एकाला आत सोड, बाकीच्यांना हाकल, वन्सं म्हणाल्या. बाळंतिणीच्या दाराशी गर्दी नको.

अंडी झाली, तांदळाच्या दाण्यांसारखी. मग आई मेली. वन्सं रोज सकाळी भुग्यावर पाणी शिंपडत राहिल्या. उन्हाळा सरता सरता अळ्या निघाल्या, पांढऱ्या, लिबलिबीत.

बेलार्मीनो म्हणाला, बघ, किडे आहेत. वन्संनी एक तळहातावर घेतली, उन्हात धरली.

"पाय कुठायत? साप तान्हा असताना असाच असणार."

पाय होते, पण नखाच्या टोकाएवढे, आणि वन्संच्या डोळ्यांना ते दिसेनात. त्या दाखवून मानणाऱ्यातल्या नव्हत्याच. बेलार्मीनो शब्दात अडकला होता. पुढे तो मधाच्या पेट्यांपाशी बसून राहायचा, जेवायला हाक मारावी लागायची.

पहिला पाऊस झाला. वन्सं मडकं कडेवर घेऊन झाडापाशी आल्या. बेलार्मीनोनं कुऱ्हाड आणली.

"ठेव ती," वन्सं म्हणाल्या. "माझ्या हातावर जन्मलेलं मी आजवर आगीत टाकलेलं नाही. त्यात ही बिनआईची."

गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळा भुगा, अळ्यांसकट, खोडाच्या पोकळीत ओतला, वरून हातानं थोपटला. मग घरी जाऊन सुनेला बजावलं, रात्री दार नीट लावत जा.