बापाच्या दारात

धाकट्या लेकीचं, मार्तीनाचं लग्न झालं आणि ती नवऱ्यामागे कुवेतला गेली, त्याच वर्षी सवीरसने अंथरूण धरलं. नाईलकाठच्या त्या घरात मग दोनच माणसं उरली, आणि त्यातलं एक हळूहळू बोलेनासं झालं.

सुरुवातीला त्याची बायको फेब्रोनिया नवस बोलली. चर्चमधल्या घोड्यावरच्या संत गिर्गिसच्या तसबिरीसमोर उभी राहून म्हणाली, "याला जगव. तुझ्या जत्रेला मेंढा देईन." संताशी ती दिराशी बोलावं तशी बोले, भांडे, टोमणे मारी. देवाशी मात्र कधी नाही. तिच्या माहेरी बापाशी कोणी थेट बोलत नसे. काही हवं असलं तर आईच्या कानावर घालायचं, मग आई बापाचा रागरंग बघून विषय काढायची. देवाघरीही तीच रीत असणार, असं ती धरून चालली होती.

सवीरस जगला. मेंढा कापला गेला. पण कसलं ते जगणं! पाठीला जखमा पडल्या, घोटभर पाणी उतरेना, कण्हणं थांबेना.

शेजारची हाबीलची आई पीठ उन्हात फुगवून भाजलेली ताजी भाकरी घेऊन आली. सवीरसकडे बघून म्हणाली, "तुझ्या मेंढ्यानेच धरून ठेवलंय गं याला."

"मग काय, परत मागू मेंढा?"

"कुठून देईल बाई? आपणच खाल्ला की सगळ्यांनी!"

दोघी हसल्या. ती गेल्यावर फेब्रोनिया भाकरी मांडीवर घेऊन बसून राहिली. हाबीलच्या आईने थट्टा केली होती, पण तिला ती खरीच वाटली. आपणच याला बांधून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी तिने पाद्रीबाबांना गाठलं. "अबूना, जगव म्हणून मीच संताच्या मागे लागले. आता ने म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग त्याला कशाला सांगतेस? बापाला सांग."

"मी? थेट?"

"दर रविवारी 'आमच्या बापा' म्हणण्याआधी मी काय मागतो? आम्हाला धीर दे, न भिता तुला बाप म्हणू दे. ते काय चर्चच्या खांबांसाठी मागतो, मार्तीनाच्या आई?"

"मी तेव्हा नुसते ओठ हलवते. आणि हे काय मागणं झालं, अबूना? नवऱ्याचं मरण?"

अबूना म्हणाले, "बापावर हुकूम सोडू नकोस. पण त्याच्यापासून लपूही नकोस."

त्या दुपारी तिने सवीरसचं अंग पुसलं, कूस बदलली. चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून हात पसरले.

"आमच्या बापा..."

ती अर्धं पाऊल मागे सरली. लहानपणी बापाच्या खोलीबाहेर उभं राहिल्यावर सरायची तशीच. ती गुडघ्यांवर आली, कपाळ जमिनीला टेकवलं. मग भिंतीला धरून उठली.

"मी फेब्रोनिया. संताला रागावू नकोस, हट्ट माझा होता. हा फार थकलाय. याला ने. नेणार नसशील, तर..." पुढे काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं. "तर इथे ये जरा. दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही."

शेतातला पंप चालू होता. सवीरस कण्हत होता. उत्तर आलं नाही, पण कोणी तिला हाकललंही नाही.

मग ती रोज उभी राहू लागली. कधी देवावर चिडे, मग कपाळ टेकून माफी मागे आणि पुन्हा तेच मागे. घर होतं तितकंच रिकामं राहिलं. महिने गेले. मार्तीनाचा फोन आला की ती म्हणे, "बरं आहे."

सवीरस पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सकाळी गेला. फेब्रोनिया तेव्हा अंगणात चादर पिळत होती.