बांधीत पडलेला चेंडू

मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. क्रिकेटचा नव्हे, सॉफ्टबॉलचा. अंगाने चांगला मोठा, लहान मुठीत न मावणारा. माझ्या पोटात सावरीचा कापूस दाबून भरला आहे आणि वरून पांढरं कातडं आहे. ते शिवणारा कारागीर जालंधरचा. त्याचा चेहरा मला आठवत नाही, पण प्रत्येक टाका ओढल्यावर तो जरा थांबायचा आणि अंगठ्याने मला दाबून बघायचा, एवढं आठवतं.

१९७९ च्या जूनमध्ये मी भंडाऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत आलो. खेळ शिकवायला निर्मलाबाई होत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून टाकायचा नसतो. हात कमरेजवळून, खालून पुढे यावा लागतो आणि पाऊल एकच टाकायचं असतं. बाईंना हे सांगता यायचं, करून दाखवता यायचं नाही. त्यांनी टाकलं की मी कुंपणाकडे जायचो.

नववीतल्या कौशल्येच्या दंडात मात्र जोर होता. ती कारध्याची. रोज पूल ओलांडून शाळेत यायची. माझ्यावर तिचा फार जीव जडला. पण एके दिवशी निर्मलाबाईंनी मुलींना स्पष्ट सांगितलं, "पोळ्यापर्यंत एक तरी मुलगी नियमात चेंडू टाकायला शिकली, तर जिल्ह्याच्या सामन्यांना नाव पाठवीन. नाहीतर यंदा संघ नाही."

त्या संध्याकाळी कौशल्या मला दप्तरात घालून घरी घेऊन गेली आणि जेवलीच नाही. तिचे वडील मधुकरराव विणकर. घरात दोन माग होते. लुगड्याचा काठ विणताना एक धागा चुकला तरी उकलून पुन्हा विणणारा माणूस. पोरीचं तोंड पाहून ते म्हणाले, "रडतं काहून? पोरी, मास्तर भेटत नाही म्हणजे काय? मी शोधतो."

त्यांनी सगळ्या भंडाऱ्यात विचारलं. कोणीतरी सांगितलं, चिखल्याच्या खाणीतले भैय्याजी, असा बॉलर जिल्ह्यात दुसरा नाही. मग काय! रविवारी पहाटे बापलेक एस.टी.ने तुमसरला आणि तिथून खाणीच्या ट्रकमध्ये बसून चिखल्याला. भैय्याजी मोठ्या मनाचे. त्यांनी चार रविवार स्वतःची झोप मोडून कौशल्येला शिकवलं. "हाथ कानाला घासून गेला पाहिजे, बेटा! धाव, उडी, आन सोड!" मधुकरराव बाजूला उभे राहून मान डोलवायचे. त्यांच्या लेखी बॉलिंग ती बॉलिंग. त्यात दोन जाती असतात हे त्यांना कोण सांगणार? कौशल्येला शंका आली होती, पण एवढ्या लांब वडील नेतात, त्यांना नाही कसं म्हणावं, म्हणून ती गप्प राहिली.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी तिने शाळेच्या मैदानावर धावत येऊन मला सणसणीत फेकलं. निर्मलाबाई हळूच म्हणाल्या, "कौशल्या, हे क्रिकेट झालं गं."

पोळा तीन आठवड्यांवर आला होता. मधुकरराव तिला न्यायला आले होते, त्यांनी हे ऐकलं. दोघं परत निघाले. गावाजवळ धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांमधून, वाट जाते. तिथे पोहोचल्यावर कौशल्येचा बांध फुटला. "आता राहू द्या बाबा! कोणीच नाही भेटत!" असं म्हणत तिने मला जोरात भिरकावलं. मी थेट रोवणी चाललेल्या बांधीत, चिखलात जाऊन पडलो.

"कोणाचं व हे डोस्कं फोडाचं?" वाकून धान रोवणाऱ्या शकुंतलाबाई ओरडल्या. "माह्या कमरेवर पडलं असतं त मी इथंच निजली असती!"

बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर चंद्रभागाबाई उभ्या होत्या. रोपांच्या, म्हणजे पऱ्ह्यांच्या पेंढ्या रोवणाऱ्या बायांकडे फेकायचं त्यांचं काम. एरवी हे काम गडी करतात. पण त्यांच्या नवऱ्याचा हात निकामी झाला, तेव्हापासून बारा वर्षं ते त्यांच्याकडे होतं. त्यांनी खाली उतरून मला उचललं, परत धुऱ्यावर चढल्या आणि एक पाऊल पुढे टाकून कमरेजवळूनच हात झोकला. सहा वाकलेल्या पाठींवरून मी गेलो आणि मधुकररावांच्या छातीशी अलगद पोहोचलो. त्यांना फक्त ओंजळ मिटावी लागली.

मधुकरराव माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, अजून एक डाव फेका बरं."

"काहून? पहिल्यानं कमी लागला का?"

साऱ्या बाया हसल्या. मधुकरराव हसले नाहीत. "माह्या पोरीले हेच शिकाचं हाये. आमी चिखल्यापर्यंत जाऊन आलो."

"अगा माय! मी का मास्तरीण हाओ?" चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारला. पण कौशल्येचे सुजलेले डोळे त्यांनी पाहिले. "शिकवीन. पण इथंच. आन मधुकरभाऊ, तुमीबी उतरा. मानसं कमी हायेत."

ज्यांनी आयुष्यात धानाच्या चिखलात पाय घातला नव्हता, ते मधुकरराव रोज सकाळी माग बंद ठेवून रोवायला येऊ लागले. "भाऊ, लुगड्याची किनार अशीच वाकडी विनता का?" असं शकुंतलाबाई विचारायच्या आणि ते निमूटपणे रोप उपटून पुन्हा लावायचे.

कौशल्या शाळेआधी पेंढ्या फेकायची. पेंढी रोवणारीच्या हाताशी पडली पाहिजे. पाठीवर पडली तर शिवी, आणि चिखल उडाला तर दोन. धुरा एवढा अरुंद की एकच पाऊल टाकता यायचं. दुसरं टाकलं की माणूस बांधीत. निर्मलाबाईंच्या पुस्तकातला नियम तिच्या पायांना आपोआप कळला.

"नजर पेंढीवर कायले ठेवतं? जिथं पडाची हाये तिथं ठेव," चंद्रभागाबाई म्हणायच्या. "हात कमरेले घासू दे. आन सुटली का तिचा नाद सोड."

पेंढ्या संपल्या की माझी पाळी. पहिले काही दिवस मी रोज आंघोळ केली. मग हळूहळू कोरडा राहू लागलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निर्मलाबाईंनी मैदानावर हातमोजा धरला आणि दहा चेंडू मागितले. पहिला जमिनीवर आपटला. मधुकररावांनी तोंड फिरवलं. उरलेले नऊ मोज्यात बसले. बाईंनी दप्तरातून सामन्यांचा अर्ज काढला, आणि त्यावर कौशल्येचं नाव सर्वांत वर लिहिलं.

आम्ही दुसरा सामना हरलो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? पण दोन्ही सामन्यांत कौशल्येचा एकही चेंडू पंचांनी नियमाबाहेर ठरवला नाही. चंद्रभागाबाई बघायला आल्या होत्या आणि भलत्याच चिडल्या होत्या. "इतकी नेमकी फेकते पोरगी, आन थे समोरची काडीनं हानते! पकडाले काय होते तिले?" शेजारच्या बायांना हसू आवरेना.

सामना संपल्यावर कौशल्या त्यांच्या कुशीत रडली. "मावशी, हरलो ना आपण."

"तू फेकला तिथं पडला का नाही? झालं त मग. पुढचं दुसऱ्याच्या हातचं हाये." मग त्यांनी पदराने मला नीट पुसलं, टाक्यांमधली माती नखाने काढली आणि मला कौशल्येच्या हातात दिलं. "वलं ठेवू नको याले. सडते."

कौशल्येने मला दोन वर्षं कोरडं ठेवलं. ती शाळेतून गेली, नवे चेंडू आले, आणि मी शाळेच्या कपाटाच्या खालच्या फळीवर गेलो. तिथे ओल आहे. माझं कातडं एका बाजूने उसवत चाललं आहे. माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो: खेळ संपला की घाईने घरी पळू नका. आपल्या चेंडूला एकदा पुसा, टाक्यांमधली माती काढा. आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांना सामना बघायला बोलवा. त्यांना खेळ कळो न कळो, मैदानावर सर्वांत मोठ्याने ओरडणारं माणूस तेच असतं.